एसइओ स्पर्धेत संघांना गुण कसे द्यावेत? शेवटच्या दिवसाच्या क्रमांकावर निकाल लावू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महाविद्यालयात बारा संघांची आठ आठवड्यांची एसइओ (शोधयंत्रात साइट वर आणण्याचं तंत्र) स्पर्धा घ्यायची आहे. प्रत्येक संघ मराठीत नवी वेबसाइट उभी करणार आणि ठरवून दिलेल्या कीवर्डवर, म्हणजे लोक शोधात टाइप करतात त्या शब्दांवर, गूगलमध्ये वर येण्याचा प्रयत्न करणार. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता संगणक प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर शोधायचं, आणि जो सर्वांत वर दिसेल तो विजेता. यात रोजच्या नोंदी कशा ठेवायच्या आणि गुण कसे द्यायचे, असं तुम्ही विचारलं आहे.

पाच वाजताचं ते शोधणं आधी रद्द करा. गूगलमध्ये एका पानाला सगळीकडे सारखा असा एकच क्रमांक नसतो. नागपुरात मोबाइलवर शोधणाऱ्याला एक क्रम दिसतो, पुण्यात डेस्कटॉपवर शोधणाऱ्याला दुसरा. इन्कॉग्निटो खिडकीत शोधलं तर तुमचा जुना इतिहास बाजूला राहतो, पण ठिकाण लपत नाही. ते आयपी पत्त्यावरून कळतंच. शिवाय नव्या साइटची पानं सुरुवातीला फार हलतात. आज सातव्या स्थानावर असलेलं पान उद्या तेविसाव्यावर आणि परवा पुन्हा नवव्यावर येऊ शकतं, आणि या काळात संघाने त्यात एक अक्षरही बदललेलं नसतं. अशा हलत्या आकड्याचा एक क्षण पकडून निकाल लावला तर हरलेला संघ दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनशॉट घेऊन तुमच्या दारात उभा राहील, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्पर्धेत विद्यार्थी नियमपुस्तिकेपेक्षा गुणपत्रक मन लावून वाचतात. तुम्ही ज्याला गुण द्याल तेच ते शिकतील. म्हणून प्रत्येक निकष ठरवताना स्वतःला विचारा: एखाद्या हुशार संघाला काम न करता हे गुण मिळवायचे असतील तर तो काय करेल? उत्तर सहज सुचलं तर तो निकष बदला. वाचकाच्या उपयोगाचं पान लिहिणं हाच गुण मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग उरला पाहिजे. पुढचं सगळं याच एका कसोटीवर बेतलेलं आहे.

हा धोका कल्पनेतला नाही. २००४ साली 'नायग्रिट्यूड अल्ट्रामरीन' या निरर्थक शब्दजोडीवर एक गाजलेली स्पर्धा झाली. मे महिन्यात ती सुरू झाली आणि ७ जुलैला गूगलवर जो पहिला असेल त्याला शेवटचं बक्षीस होतं. ते अनिल डॅश या ब्लॉगलेखकाने जिंकलं. त्याने वाचकांना आपल्या नोंदीला लिंक द्या असं आवाहन केलं आणि वर्षानुवर्षं जमलेला वाचकवर्ग मदतीला धावला. त्यात गैर काहीच नव्हतं, उलट खऱ्या वाचकांची ताकद त्यातून दिसली. पण मोजमापाच्या दृष्टीने पाहिलं तर स्पर्धा सुरू होण्याआधीच एक जण कितीतरी पुढे उभा होता. पुढच्या वर्षी जर्मनीत एका संगणक नियतकालिकाने 'होमिंगबर्गर गेपार्डेनफोरेले' या काल्पनिक माशाच्या नावावर स्पर्धा घेतली आणि एकट्या गूगलवर विसंबून न राहता अनेक शोधयंत्रांवरचे क्रमांक पाहिले. ही सुधारणा चांगली होती. तिसरं उदाहरण २०१८ चं, आणि तुमच्यासाठी ते सर्वांत बोधक आहे. 'ऱ्हायनोप्लास्टी प्लेनो', म्हणजे टेक्सासमधल्या प्लेनो शहरात नाकाची शस्त्रक्रिया, या कीवर्डवरच्या स्पर्धेत काइल रूफ या एसइओ व्यावसायिकाने 'लोरेम इप्सम' या छपाईतल्या निरर्थक लॅटिन मजकुराने भरलेली साइट उतरवली. कीवर्ड मात्र मोजूनमापून नेमक्या जागी पेरले होते. ती साइट गूगलमध्ये पहिल्या स्थानापर्यंत गेली आणि बोभाटा झाल्यावर गूगलने ती आपल्या इंडेक्समधून, म्हणजे शोधात दाखवायच्या पानांच्या साठ्यातून, काढून टाकली. निव्वळ क्रमांकाला गुण दिले तर माणसाला वाचता न येणारं पानही जिंकू शकतं, हे यातून सिद्ध झालं.

विषय आणि कीवर्ड

निरर्थक शब्द निवडू नका. त्यावर शोधणारे फक्त स्पर्धक असतात, त्यामुळे क्लिक मोजता येत नाहीत आणि वाचकाची गरज काय हे शिकायलाच मिळत नाही. दुसऱ्या टोकाला 'सातबारा उतारा' यासारखा शब्दही नको. तो शोधणाऱ्याला सरकारी साइटवरच जायचं असतं. तिथे विद्यार्थ्यांची साइट वर आली तर लोकांची गैरसोयच होईल. आरोग्य आणि गुंतवणूक हे विषयही टाळा. चुकीच्या माहितीने कुणाचं नुकसान होईल अशा ठिकाणी नवख्यांना सराव करायला लावू नये.

परसबागेसारखा विषय उत्तम. 'कुंडीत मेथी कशी लावावी', 'गांडूळखत कसे तयार करावे', 'पांढऱ्या माशीवर उपाय' असे प्रश्न लोक खरोखर विचारतात, आणि मराठीत त्यांची नीट, फोटोंसह, अनुभवातून लिहिलेली उत्तरं अजून कमी आहेत. आठ आठवड्यांत नव्या साइटला काही हाती लागण्याची शक्यता अशाच ठिकाणी असते. सगळ्या संघांना एकच विषय द्या. एकाला रायगड आणि दुसऱ्याला कुणी न ऐकलेला किल्ला दिलात तर शोधणाऱ्यांची संख्याच इतकी वेगळी पडेल की पुढे कुठलंही गणित ती तफावत भरून काढू शकणार नाही.

वीस कीवर्ड ठरवा. त्यातले चौदा जाहीर करा आणि सहा बंद पाकिटात प्राचार्यांकडे ठेवा. पाकीट आहे हे सगळ्यांना सांगायचं, आत काय आहे ते मोजणी करणाऱ्यांशिवाय कुणालाही सांगायचं नाही. ज्या संघाने फक्त चौदा वाक्प्रयोग पानापानांत कोंबले त्याला त्या सहांवर काही मिळत नाही; ज्याने विषय सगळ्या बाजूंनी हाताळला त्याला ते आपोआप मिळतात. लोरेम इप्समवरचा इतका सोपा उतारा मला दुसरा माहीत नाही.

मराठीची एक खास अडचण इथेच सांगतो, कारण बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत ती सापडत नाही. 'पांढऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साध्या र नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. 'ॲप'मधल्या ॲचंही तेच. त्यात 'गांडूळखत', 'गांडूळ खत', 'गांडुळ खत' ही रूपं आली, आणि रोमन लिपीत मराठी लिहून शोधणारे तर भरपूर. गूगल यातल्या बऱ्याच रूपांना एकत्र समजून घेतं, पण सर्च कन्सोल या, साइटमालकाला शोधातले आकडे दाखवणाऱ्या गूगलच्या साधनाच्या अहवालात ती वेगवेगळ्या ओळींत येतात. म्हणून प्रत्येक कीवर्डसोबत त्याच्या मान्य रूपांची यादी आधीच करून ठेवा आणि क्लिक मोजताना ती सगळी एकाच नावाखाली आणा. क्रमांक तपासताना मात्र नेमकं कुठलं रूप शोधायचं ते एकदा ठरवा, शीटमधूनच कॉपी करा आणि शेवटपर्यंत बदलू नका. नाहीतर सोमवारी एका कीबोर्डवरून आणि बुधवारी दुसऱ्या कीबोर्डवरून शोध होईल आणि फरक कशाने पडला हे कुणालाच कळणार नाही.

सुरुवातीची रेषा

सगळी डोमेन (साइटचे पत्ते) आयोजकांनी एकाच दिवशी, एकाच प्रत्ययाची (.in यासारख्या) घ्यावीत आणि होस्टिंगही एकाच ठिकाणचं द्यावं. एकाच डोमेनची बारा उपडोमेन करण्याचा मोह होईल, खर्च वाचतो म्हणून. तसं करू नका; एका संघाच्या उचापतीची झळ बाकी अकरांना बसू शकते. कालबाह्य झालेलं जुनं डोमेन विकत घेऊन त्याच्या पुण्याईवर वर येणं याला गूगलने मार्च २०२४ पासून स्पष्टपणे स्पॅम धोरणात घातलं आहे, तेव्हा आयोजकांनीच डोमेन दिलं की तोही रस्ता बंद होतो. संघांना साइटचं नाव निवडू द्या, पण त्यात कीवर्ड नको आणि नाव एकमेव हवं. पुढे नावाने होणारे शोध वेगळे काढायला ते लागेल.

प्रत्येक साइटची सर्च कन्सोलमध्ये डोमेन प्रॉपर्टी, म्हणजे अख्ख्या डोमेनची नोंद, करून घ्या. संघ मालक, आणि आयोजकांचं एक खातं पूर्ण अधिकाराचा वापरकर्ता म्हणून. आकडे संघाने पाठवायचे नाहीत, तुम्ही थेट तिथून घ्यायचे. हा नियम पहिल्या दिवशी सांगितला तर कुणालाच तो अपमान वाटत नाही. पाचव्या आठवड्यात सांगितला तर संशय वाटतो.

क्रमांकाची नोंद

रोज मोजू नका. आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, फक्त मोबाइलच्या निकालांत, एकाच ठिकाणाहून. एकच विषय असल्याचा फायदा इथे होतो: एका कीवर्डच्या निकालात बाराही संघ एकदम शोधता येतात. म्हणजे वीस कीवर्ड गुणिले तीन, आठवड्याला साठ शोध. गूगलला यंत्राकरवी परस्पर प्रश्न विचारणं त्यांच्या अटींत बसत नाही, त्यामुळे स्वतःची स्क्रिप्ट लिहू नका. साठ शोध दोन स्वयंसेवक हातानेही करू शकतात. नाहीतर रँक तपासणारी एखादी सशुल्क सेवा घ्या. जे निवडाल ते शेवटपर्यंत तेच ठेवा.

फक्त पहिल्या वीस निकालांपर्यंत पाहा. पूर्वी एका पानावर शंभर निकाल मागवता येत असत. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने ती सोय बंद केली आणि खोलवर मोजणं महाग झालं. तसंही विसाच्या पुढच्या स्थानाचा वाचकाशी फारसा संबंध उरत नाही. एकाच संघाची दोन पानं दिसली तर वरचंच धरा. जाहिराती, व्हिडिओंची पट्टी, एआय सारांश यांना क्रमांकात धरायचं की नाही हे आधीच लिहून ठेवा. मी फक्त साधे निळे निकाल मोजतो आणि बाकी दिसलेलं शेऱ्यात लिहितो.

शीट आडवी पसरू देऊ नका. एक ओळ म्हणजे एक नोंद: तारीख, वेळ, कीवर्ड, संघ, क्रमांक, कुठलं पान दिसलं, शेरा. वीसमध्ये नाही तर क्रमांकाचा रकाना रिकामा न ठेवता 'नाही' असं लिहा, म्हणजे न सापडणं आणि न तपासणं यांत गल्लत होणार नाही. या कच्च्या शीटमध्ये फक्त भर घालायची, जुनी ओळ कुणीही बदलायची नाही. गुणांचं गणित वेगळ्या शीटमध्ये. कुठलं पान दिसलं हा रकाना बरेच जण गाळतात, पण संघाला सर्वांत उपयोगी तोच. एकाच कीवर्डवर कधी हे पान तर कधी ते पान दिसत असेल तर दोन पानं एकमेकांच्या पायात येत आहेत, हे त्यातूनच कळतं.

सर्च कन्सोलमधले सापळे

सरासरी क्रमांक या आकड्याला गुण देऊ नका. समजा एका संघाचं पान एका प्रश्नावर दुसऱ्या स्थानी आहे आणि ५० वेळा दिसलं. सरासरी क्रमांक २. पुढच्या आठवड्यात त्याच साइटने मेहनतीने दहा नवी पानं लिहिली, ती चाळिसाव्या स्थानी १५० वेळा दिसली. जुनं पान जिथल्या तिथे आहे. तरी सरासरी होते ३०.५. संघाने जास्त काम केलं आणि आकडा गडगडला. या आकड्याला गुण दिलेत तर नवं पान न लिहिणारा संघ जिंकेल.

इम्प्रेशन्सनाही, म्हणजे निकालांत पान किती वेळा दिसलं त्या आकड्यालाही, गुण नकोत. शंभर निकालांची सोय बंद झाली तेव्हा असंख्य साइट्सची इम्प्रेशन्स एकाएकी घटली आणि सरासरी क्रमांक सुधारलेला दिसू लागला. सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं की रँक तपासणारी यंत्रं शंभर निकालांचं पान उघडत, आणि त्यातलं खालचं प्रत्येक पान 'दिसलं' म्हणून मोजलं जाई. ज्या आकड्यात यंत्रांची वर्दळ इतकी मिसळलेली असते त्यावर स्पर्धेचा निकाल टेकवू नये.

उरले क्लिक. तेच धरा, पण तीन गोष्टी सांभाळून. पहिली: थोड्याच लोकांनी विचारलेले शोध गोपनीयतेसाठी अहवालाच्या ओळींत दाखवले जात नाहीत. मोठ्या साइटला याचं फार वाटत नाही, पण विद्यार्थ्यांच्या छोट्या साइटवर निम्म्याहून जास्त क्लिक या अदृश्य शोधांतले असू शकतात. शोधाच्या शब्दावर कुठलीही चाळणी लावली की हे अदृश्य क्लिक गळतात, 'यात अमुक शब्द नाही' अशी चाळणी लावली तरीही. म्हणून साइटच्या नावाने झालेले शोध वजा करायचे असतील तर उलट्या बाजूने जा: आधी चाळणीशिवाय एकूण क्लिक घ्या, मग फक्त नावाच्या शोधांचे क्लिक काढा आणि वजाबाकी करा.

दुसरी: सर्च कन्सोलचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने चालतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला तिथली तारीख बदलते. स्पर्धेची मुदत याच तारखांत सांगा. तिसरी: आकडे पक्के व्हायला दोन-तीन दिवस जातात. स्पर्धा संपल्यावर निदान पाचव्या दिवसाआधी निकाल जाहीर करू नका. पाहुण्यांना बोलावण्याआधी हे कार्यक्रम समितीला नक्की सांगा.

गुण

मी शंभर गुण असे वाटेन: शोधातली दृश्यता ४०, नावाशिवायचे क्लिक २०, तांत्रिक बाजू १५, वाचकांचं मत २५. दृश्यतेच्या ४० पैकी २५ जाहीर कीवर्डना, १५ पाकिटातल्यांना. पहिले चार आठवडे फक्त नोंद ठेवा, गुण पाचव्यापासून आठव्यापर्यंतच्या आठवड्यांना द्या. नवी साइट इंडेक्स व्हायलाच काही आठवडे जातात आणि तो काळ बराचसा संघाच्या हातात नसतो.

दृश्यतेसाठी प्रत्येक कीवर्डच्या आठवड्यातल्या तीन नोंदींतला मधला क्रमांक घ्या. 'नाही' असेल तर तो विसाच्या खालचा समजायचा. मग १ भागिले क्रमांक. पहिल्या स्थानाला १, दुसऱ्याला ०.५, पाचव्याला ०.२, दहाव्याला ०.१, विसाव्याला ०.०५, त्यापुढे शून्य. क्रमांकांची साधी सरासरी का नाही, ते पाहा: एक संघ दोन कीवर्डवर पहिला आणि एकोणिसावा, दुसरा दोन्हींवर दहावा. दोघांची सरासरी १० च. पण पहिल्या संघाकडे खरोखर वाचक येतात. आपल्या पद्धतीत पहिल्याला १.०५ आणि दुसऱ्याला ०.२ मिळतात, आणि वाचकांच्या वागण्याशी हे जास्त जुळतं.

माहिती-शोधाच्या अभ्यासात लॉगरिदमने गुण उतरवण्याची दुसरी पद्धतही रूढ आहे. यार्वेलिन आणि केकॅलायनेन या फिनलंडच्या संशोधकांनी ती मांडली. तिच्यात दहाव्या स्थानाला ०.२९ आणि विसाव्याला ०.२३ मिळतात. तिथे मला अडचण वाटते ती अशी की विसाव्यावरून एकविसाव्यावर घसरताच ०.२३ चे शून्य होतात, आणि विसाव्या स्थानाला इतका मान द्यावा असं त्यात काही नसतं. तुमच्या स्पर्धेला साधा भागाकार पुरेसा आहे, आणि विद्यार्थ्यांना तो कागदावर पडताळता येतो. ही बाब मी फार मोलाची मानतो. संघाला स्वतःचे गुण स्वतः काढता आले पाहिजेत.

क्लिकांना सरळ प्रमाणात गुण देऊ नका. समजा चार संघांना ९००, ६०, ४५ आणि ४० क्लिक मिळाले. सर्वांत कमीला शून्य आणि सर्वांत जास्तीला वीस असं सरळ वाटलं तर दुसऱ्याला अर्ध्या गुणाच्या आत समाधान मानावं लागतं, आणि एका पानाच्या नशिबाने स्पर्धा संपते. त्याऐवजी क्लिकांत एक मिळवून त्याचा लॉग घ्या आणि सर्वोच्च संघाशी प्रमाण काढा. मग वीसपैकी अनुक्रमे २०, १२.१, ११.३ आणि १०.९ गुण येतात. पुढे असलेला पुढेच राहतो, पण बाकीच्यांचं काम पुसलं जात नाही. मित्रांकडून खोटे क्लिक करवून घेण्याचा फायदाही यामुळे झपाट्याने घटतो.

तांत्रिक बाजूचे निकष पास-नापास ठेवा. लाइटहाउस या गूगलच्या पान तपासणाऱ्या साधनाचा आकडा ९७ वरून १०० वर नेण्यात आठवडा घालवणारे संघ दरवेळी दिसतात, आणि वाचकाला त्या तीन आकड्यांनी काहीच मिळत नाही. गूगलच्या मर्यादा स्पष्ट आहेत: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, पानाची अनपेक्षित हालचाल ०.१ च्या आत असावी. पण त्या मर्यादा खऱ्या वापरकर्त्यांच्या २८ दिवसांच्या आकड्यांवर लावायच्या असतात, आणि छोट्या साइटना तेवढी वर्दळच नसल्याने तो अहवाल रिकामा येतो. म्हणून आयोजकांच्या एकाच संगणकावर लाइटहाउस पाच वेळा चालवा आणि मधला आकडा घ्या. एका चाचणीपेक्षा तो बराच स्थिर असतो. क्लिकचा प्रतिसाद अशा चाचणीत मोजता येत नाही, तिथे त्याऐवजी पान किती वेळ अडकून राहतं तो आकडा पाहा. सोबत पाहायचं ते असं: साइटमॅपमधली (साइटच्या पानांच्या यादीतली) किती पानं खरोखर इंडेक्स झाली, तुटलेल्या लिंका आहेत का, मोबाइलवर देवनागरी अक्षरं नीट उमटतात का. इंडेक्सची संख्या गूगलमध्ये साइटचं नाव टाकून मोजू नका, तो आकडा ढोबळ असतो. सर्च कन्सोलमधला पानांचा अहवाल वापरा.

वाचकांचं मत हा भाग खर्चिक आहे, वेळ खातो, आणि तरीही तो गाळू नका असा माझा आग्रह आहे. स्पर्धेशी संबंध नसलेले पाच-सहा लोक निवडा, त्यांत घरी बाग करणारे दोघे-तिघे हवेत. संघाचं नाव झाकून प्रत्येक साइटची तीन पानं त्यांना वाचायला द्या. कुठली तीन, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रश्न मोजके विचारा: हे वाचून काम करता येईल का, काही चुकीचं आहे का, लिहिणाऱ्याने स्वतः करून पाहिलं आहे असं वाटतं का. यंत्राकडून शेकड्यांनी पानं लिहवून घेणारा संघ बहुधा तिसऱ्या प्रश्नावर अडतो. मेथीचं बी कुंडीत किती खोल पेरावं हे कुठूनही उतरवता येतं. चौथ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिलमध्ये काय होतं, हे तिथे मेथी लावणाऱ्यालाच लिहिता येतं.

बॅकलिंकच्या, म्हणजे दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या लिंकांच्या, संख्येला एकही गुण देऊ नका. लिंक विकत मिळतात, आणि संख्या मोजली की विकत घेतल्या जातात. त्याऐवजी प्रत्येक संघाने आपल्या उत्तम पाच लिंका कशा मिळाल्या हे एका पानात लिहून द्यावं, ते वाचकांच्या मतासोबत तपासलं जाईल. एखाद्या कृषी महाविद्यालयाच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या साइटने मनापासून दिलेली एक लिंक कशी मिळाली, ते वाचणं हे स्पर्धेतलं सर्वांत चांगलं शिक्षण असतं.

लबाडी

महाविद्यालयीन स्पर्धेत खरी लबाडी लिंकांची कमी आणि व्हॉट्सॲपची जास्त. 'हा शब्द शोधा आणि आमच्या साइटवर क्लिक करा' असा निरोप वर्गाच्या गटात फिरतो. तो ओळखता येतो. आठव्या-नवव्या स्थानावरच्या पानाला एखाद्या दिवशी दिसण्याच्या निम्म्याहून जास्त वेळा क्लिक मिळाले, तेही एकाच शोधावर, तर तो दिवस बाजूला काढून ॲनालिटिक्समध्ये (साइटच्या भेटींची नोंद ठेवणाऱ्या साधनात) शहर पाहा. सगळे तुमच्याच गावचे असतील तर संघाला बोलावून विचारा. नियम असा ठेवा की अशा दिवसाचे त्या शोधाचे क्लिक सर्वांसाठीच गाळले जातील. शिक्षा करण्यापेक्षा फायदा काढून घेणं जास्त परिणामकारक ठरतं, आणि संशयावरून कुणावर ठपका ठेवायची वेळ येत नाही.

लिंक विकत घेणं, दुसऱ्या संघाच्या साइटवर घाणेरड्या लिंका सोडणं, मजकूर चोरणं यांसाठी गुण कापू नका. त्या संघाला दृश्यतेच्या पूर्ण ४० गुणांतून बाद करा. पाच-दहा गुण कापायचे म्हटले की त्याची किंमत ठरते, आणि काही संघ ती किंमत मोजायला तयार असतात.

मधेच गूगल बदललं तर

आठ आठवड्यांत गूगलचं एखादं मोठं अपडेट येण्याची शक्यता चांगलीच असते, आणि ते पूर्ण पसरायला बहुधा दोनेक आठवडे लागतात. मार्च २०२४ चं तर ४५ दिवस चाललं. स्पर्धा थांबवू नका, मुदत वाढवू नका. गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवरून सुरुवात आणि शेवट यांच्या तारखा शीटच्या शेऱ्यात लिहा. सगळ्यांना एकाच खिडकीत मोजलं आहे, एवढं न्याय्य असायला पुरे.

गुणतक्ता रोज दाखवू नका. दर पंधरा दिवसांनी एकदा पुरे. रोजच्या तक्त्यामुळे संघ चढउतारामागे धावतात, चालत असलेलं पान घाबरून बदलतात. स्वतःचे आकडे मात्र प्रत्येक संघाला कधीही पाहता यावेत.

निकाल लावण्याआधी

अंतिम यादी हातात आली की दोन तपासण्या करा. आधी वीस कीवर्डपैकी एकेक गाळून वीस वेळा गणित पुन्हा मांडा. शीटमध्ये अर्ध्या तासाचं काम आहे. कुठला तरी एकच कीवर्ड गाळल्यावर विजेता बदलत असेल तर पहिल्या दोघांत खरा फरक नाही. मग दृश्यतेचे गुण दोनदा काढा, एकदा फक्त आठवड्याच्या पहिल्या मोजणीवरून आणि एकदा फक्त शेवटच्या मोजणीवरून. क्रम उलटला तर तोच अर्थ. अशा वेळी बक्षीस विभागून द्या आणि का विभागलं ते आकड्यांसह सांगा. ०.३ गुणांनी हरलात असं सांगणं म्हणजे आपल्या मोजपट्टीत नसलेली अचूकता तिच्यावर लादणं आहे. विभागून देण्याचा नियम मात्र पहिल्या दिवसाच्या पत्रकात छापलेला असला पाहिजे, नंतर काढलेला नको.

आक्षेपांसाठी निकालानंतर तीन दिवस ठेवा. आक्षेप लेखी हवा आणि त्यात कच्च्या शीटमधली नेमकी ओळ दाखवलेली हवी. कच्ची शीट सर्वांना वाचायला खुली असली की बहुतेक आक्षेप लिहिण्याआधीच मिटतात.

आणि पाकिटातले सहा कीवर्ड निकालाच्या दिवशी उघडल्यावर मोजणी बंद करू नका. आणखी चार आठवडे आठवड्यातून एकदा चालू ठेवा. त्यासाठी छोटं वेगळं बक्षीस ठेवा. २००४ च्या त्या स्पर्धेतही दोन बक्षिसं होती, महिन्याच्या अंतराने. डोमेनचं पहिल्या वर्षाचं शुल्क तुम्ही भरलेलंच आहे, तेव्हा साइट चालू ठेवायला खर्च येत नाही. नूतनीकरणाच्या महिनाभर आधी प्रत्येक संघाला विचारा, आणि ज्यांना साइट पुढे चालवायची आहे त्यांच्या नावावर डोमेन लिहून द्या.